लाल रेघ गेली, ‘हॅड’ मात्र तसाच राहिला

सबमिशनच्या आदल्या रात्री विद्यार्थ्याचं ग्रामर चेकरकडे एकच मागणं असतं: लाल आणि निळ्या रेघा जाऊ देत. रेघा गेल्या की फाइल प्रिंटला जाते. मग गाईड पहिल्याच पानावर ‘वी हॅड टेकन’भोवती गोल काढतात आणि विद्यार्थ्याला वाटतं, सॉफ्टवेअरने दगा दिला. दगा वगैरे काही नसतो. ‘हॅड टेकन’ हे इंग्रजीतलं अगदी शुद्ध रूप आहे, म्हणून चेकर गप्प बसला. चूक त्या रूपात नाही, ते तिथे येण्यात आहे.

मराठी माध्यमातून किंवा सेमी-इंग्रजीतून आलेल्या, आता इंग्रजीत रिपोर्ट लिहाव्या लागणाऱ्या मुलामुलींसाठी हे सविस्तर लिहितो आहे. ग्रामर चेकरबद्दल त्यांची मतं दोन टोकांची असतात. एक म्हणतात, ‘हे नसतं तर आमचं काही खरं नव्हतं.’ दुसरे म्हणतात, ‘वापरून काही उपयोग नाही, मार्क कापायचे ते कापतातच.’ दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे, कारण दोघं वेगवेगळ्या चुकांबद्दल बोलत असतात.

‘हॅड’चंच आधी पाहू. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘मी काल मुंबईला गेलो होतो.’ यात ‘होतो’ आहे म्हणून त्यानंतर आणखी काही घडलं असं ऐकणाऱ्याला वाटत नाही. साधी कालची गोष्ट. तेच डोक्यात धरून प्रॅक्टिकलची कृती इंग्रजीत उतरते: ‘वी हॅड टेकन ५० एमएल ऑफ द सोल्युशन. वी हॅड हीटेड इट टू ६० डिग्रीज. द कलर हॅड चेंज्ड.’ इंग्रजी वाचणाऱ्याच्या कानाला यातला प्रत्येक ‘हॅड’ सांगतो की हे दुसऱ्या कुठल्या तरी घटनेच्या आधी झालं. तो त्या दुसऱ्या घटनेची वाट पाहतो आणि ती येतच नाही. इथे ‘वी टूक’, ‘वी हीटेड’, ‘द कलर चेंज्ड’ एवढंच हवं. ‘हॅड’ शोभतो तो अशा ठिकाणी: ‘बाय द टाइम वी स्विच्ड ऑफ द बर्नर, द कलर हॅड चेंज्ड.’ बर्नर बंद केला तोवर रंग बदलून गेला होता. दोन घटना, त्यातली आधीची कोणती ते ‘हॅड’ने सांगितलं.

उपाय दहा मिनिटांचा आहे. कंट्रोल आणि एफ दाबून ‘हॅड’ शोधा. प्रत्येक ‘हॅड’पाशी मराठीत विचारा: ‘कशाच्या आधी?’ उत्तर त्याच वाक्यात किंवा शेजारच्या वाक्यात सापडलं तर राहू द्या. नाही सापडलं तर साधा भूतकाळ करा. ‘वी हॅड थ्री सेन्सर्स’ यातला ‘हॅड’ वेगळा, ‘आमच्याकडे होते’ या अर्थाचा. त्याला हात लावू नका.

चेकर इथे गप्प का राहतो हे एकदा समजलं की त्याच्याकडून नको त्या अपेक्षा राहत नाहीत. २०१४ साली या क्षेत्रातल्या संशोधकांची ‘कॉनल’ नावाची एक सामायिक स्पर्धा झाली. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचे निबंध घेऊन त्यातल्या २८ प्रकारच्या चुका यंत्राने दुरुस्त करायच्या होत्या. गुण देताना अचूकतेला दुप्पट वजन होतं. म्हणजे यंत्राने दाखवलेली चूक खरोखर चूक असणं हे सगळ्या चुका सापडण्यापेक्षा जास्त मोलाचं धरलं गेलं. बरोबर वाक्याखाली रेघ ओढली तर वापरणाऱ्याचा विश्वास उडतो, चूक सुटली तर त्याला कळतही नाही. हा हिशोब मला पटतो. पण त्याचा अर्थ विद्यार्थ्यांपर्यंत पोचत नाही. खात्री नसेल तिथे चेकर गप्प राहतो, आणि विद्यार्थी त्या गप्प राहण्याला ‘बरोबर आहे’ समजतो.

आतली यंत्रणाही फार गूढ नाही. ‘लँग्वेजटूल’ हे मुक्त सॉफ्टवेअर जर्मनीतल्या डॅनिएल नाबर यांच्या २००३ सालच्या पदवी प्रबंधातून आलं. त्याचा पाया म्हणजे हाताने लिहिलेले नियम: अमुक शब्दानंतर तमुक आला तर रेघ ओढ. ‘ग्रामरली’ या चेकरच्या संशोधकांनी २०२० साली मांडलेली पद्धत प्रत्येक शब्दावर चिठ्ठी लावते: ठेव, काढ, बदल, याच्यापुढे अमुक जोड. दोन्हींत यंत्रासमोर असतात ते तुम्ही टाइप केलेले शब्द. तुमच्या मनातलं मराठी वाक्य त्याला दिसत नाही, प्रयोगशाळेत नेमकं काय घडलं तेही माहीत नसतं. त्यामुळे मराठीच्या वळणाचं पण इंग्रजी व्याकरणात बसणारं वाक्य त्याच्या चाळणीतून सहज खाली पडतं.

अशा वाक्यांत सगळ्यात घातक म्हणजे दुसऱ्याचं बोलणं सांगणारं वाक्य. मराठीत ‘मॅनेजर म्हणाले की मी डेटा पाठवतो’ यातला ‘मी’ म्हणजे मॅनेजर. इंटर्नशिपच्या रिपोर्टमध्ये ते असं उतरतं: ‘द मॅनेजर सेड दॅट आय विल सेंड द डेटा.’ इंग्रजीत आता डेटा पाठवायची जबाबदारी विद्यार्थ्यावर आली. व्याकरणात खोट नाही, रेघ येणार नाही, अर्थ मात्र पार उलटला. हवं होतं ‘ही वुड सेंड द डेटा’. यासाठी ‘दॅट आय’ आणि ‘दॅट वी’ शोधून पाहायचं.

‘पर्यंत’चं तसंच. ‘शुक्रवारपर्यंत फॉर्म भरा’ याचं ‘फिल द फॉर्म टिल फ्रायडे’ होतं, आणि त्याचा अर्थ शुक्रवार उजाडेपर्यंत फॉर्म भरतच राहा असा निघतो. मुदत सांगायची तर ‘बाय फ्रायडे’. चालू राहणारी गोष्ट असेल, जसं ‘शुक्रवारपर्यंत लायब्ररी बंद’, तर ‘टिल’ बरोबर. आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द, त्यांच्याकडे दोन. ‘च’ हा अव्ययही असाच चिकटून येतो: ‘कालच’चं ‘येस्टरडे ओन्ली’, ‘हीच पद्धत’चं ‘धिस मेथड ओन्ली’. भारतातल्या वाचकाला ते खटकणारही नाही. परदेशी विद्यापीठाला प्रवेशासाठी पाठवायच्या एसओपीत (‘मला हा कोर्स का करायचाय’ हे सांगणाऱ्या पत्रात) मात्र वाचणारा त्याचा अर्थ ‘फक्त काल’ असा घेईल. त्याच पत्रातलं ‘आय हॅव अ डाउट’ही बदला. आपल्याला शंका विचारायची असते, तिकडे तो अविश्वास वाटू शकतो. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ लिहिलं की काम झालं.

आता चेकर जिथे खरंच उपयोगी पडतो ते. ‘द रिझल्ट्स ऑफ द टेस्ट शोज’ अशा वाक्यात कर्ता आणि क्रियापद लांब गेलेले असतात, ते तो छान पकडतो. ‘इन्फर्मेशन्स’, ‘इक्विपमेंट्स’, ‘ॲडव्हायसेस’ ही अनेकवचनं, ‘डिस्कस अबाउट’, ‘सिन्स टू इयर्स’, जरी–तरीच्या वळणाने आलेलं ‘ऑल्दो… बट’, चुकून दोनदा पडलेला ‘द’: या चुका तो सहसा सोडत नाही. ‘माझ्यावर रागावले’वरून आलेलं ‘अँग्री ऑन मी’सुद्धा बऱ्याचदा सापडतं. ‘हे नसतं तर काही खरं नव्हतं’ म्हणणाऱ्यांचं बरोबर आहे ते याच चुकांबाबत. त्यामागे आणखी एक गोष्ट असते जी मुलं हळू आवाजात सांगतात: यंत्र हसत नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकून आलेल्या मुलीला वर्गात ‘हे एवढंही येत नाही?’ ऐकावं लागण्यापेक्षा रात्री अकरा वाजता एकटीने निळ्या रेघेवर क्लिक करणं फार सोपं असतं. ही सोय मी मोलाची मानतो. तिला आळस म्हणणाऱ्यांनी ती भीती कधी अनुभवलेली नसते.

अडचण सुरू होते ‘ॲक्सेप्ट’च्या वेगातून. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या दोन विद्यार्थ्यांचा बारकाईने अभ्यास झाला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. दोघांनी ग्रामरली वापरलं. एक जण सूचनांवर फार विसंबून राहिला. दुसरा सूचना योग्य आहे का असा प्रश्न करत होता, पण तोही ती दुसरीकडे पडताळून पाहण्याच्या फंदात पडला नाही. दोघांवरून सगळ्यांबद्दल बोलता येत नाही, पण आपल्याकडच्या कुठल्याही हॉस्टेलच्या खोलीत हे दोन्ही प्रकार ओळखू येतील.

वेगाचा फटका कसा बसतो ते ‘अ’ आणि ‘द’मध्ये स्पष्ट दिसतं. वाक्यं अशी: ‘वी यूज्ड अ सेन्सर. सेन्सर वॉज कनेक्टेड टू द बोर्ड.’ दुसऱ्या वाक्यात काहीतरी राहिलंय हे चेकरला कळतं. तो कधी ‘द सेन्सर’ सुचवतो, कधी दोन पर्याय देतो, कधी नुसतं ‘अ सेन्सर’. हाताशी आलं ते स्वीकारलं आणि ते ‘अ’ निघालं, तर वाचणाऱ्याच्या मनात सर्किटमध्ये दोन सेन्सर झाले, एक वापरलेला आणि एक बोर्डाला जोडलेला. व्हायवाला बाहेरचे परीक्षक विचारतात, ‘दुसरा कुठाय?’

मराठीत ‘अ’ आणि ‘द’ नाहीत असं आपण म्हणतो, पण त्यामागचा भेद आपल्याकडे आहे. ‘आम्ही एक सेन्सर वापरला. तो सेन्सर बोर्डाला जोडला.’ वाक्य मनात मराठीत म्हणून पाहा. नामाच्या आधी ‘एक’ बसत असेल तर ‘अ’ किंवा ‘ॲन’. ‘तो, ती, ते’ बसत असेल तर ‘द’. दोन्ही बसत नसतील आणि नाम अनेकवचनी किंवा पाण्यासारखं न मोजता येणारं असेल तर काहीच नको. या चाचणीतून सगळं सुटत नाही. नद्यांची नावं, ‘द सन’, ‘इन द मॉर्निंग’ ही पाठच करावी लागतात. पण रिपोर्टमधल्या मोठ्या भागाचा निकाल यातून लागतो, आणि चेकरच्या दोन पर्यायांतला कोणता घ्यायचा ते तुम्ही ठरवता.

‘क्लॅरिटी’, ‘एंगेजमेंट’ अशा नावांखाली येणाऱ्या सूचनांबाबत माझं मत कडक आहे: विज्ञान, वाणिज्य किंवा इंजिनिअरिंगच्या रिपोर्टमध्ये त्या बंदच ठेवा. ‘सिग्निफिकंट’ हा शब्द वारंवार आला म्हणून चेकर ‘कन्सिडरेबल’ किंवा ‘नोटेबल’ सुचवतो. संख्याशास्त्रात ‘सिग्निफिकंट’ म्हणजे चाचणी लावून ठरलेला निष्कर्ष, त्याला बदली शब्द नाही. ‘ॲक्युरसी’ आणि ‘प्रिसिजन’, ‘स्पीड’ आणि ‘व्हेलॉसिटी’, ‘स्ट्रेस’ आणि ‘स्ट्रेन’ यांतही अदलाबदल झाली की विषयच चुकतो. कर्मणी प्रयोगाखाली येणारी रेघही इथे बिनकामाची. ‘द मिक्श्चर वॉज स्टर्ड फॉर टेन मिनिट्स’ हे प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये योग्य वाक्य आहे. कोणी ढवळलं याला तिथे महत्त्व नाही.

वर्डच्या सेटिंगमध्ये पाच मिनिटं घालवली तर पुढचे तास वाचतात. आधी कंट्रोल आणि ए दाबून सगळा मजकूर निवडा. मग ‘रिव्ह्यू’, ‘लँग्वेज’, ‘सेट प्रूफिंग लँग्वेज’ आणि त्यात ‘इंग्लिश (इंडिया)’. त्याच खिडकीत ‘डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर’ असा एक चौकोन असतो. इतर फाइलींतून किंवा वेबवरून चिकटवलेल्या परिच्छेदांना ही खूण आधीच लागलेली असू शकते, आणि तेवढ्या भागात एकही रेघ दिसत नाही. तो चौकोन पूर्ण रिकामा करा. चार जणांच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये तर हे सगळ्यात आधी करायला हवं, कारण प्रत्येकाच्या लॅपटॉपवर इंग्रजी वेगळं असतं. दुसऱ्या प्रकरणात ‘कलर’मध्ये ‘यू’ असतो आणि चौथ्यात नसतो. ‘ॲनलाइझ’ कुठे ‘एस’ने, कुठे ‘झेड’ने.

पुढे ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘प्रूफिंग’. तिथे ‘इग्नोर वर्ड्स इन अप्परकेस’वर बरोबरची खूण आधीपासून असते. म्हणजे सगळी कॅपिटल अक्षरं असलेला शब्द वर्ड तपासतच नाही. मुखपृष्ठ आणि प्रकरणांची नावं आपण कॅपिटलमध्येच टाइप करतो, त्यामुळे काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरांत विभागाचं नाव चुकीच्या स्पेलिंगने छापून येतं आणि बाइंडिंगचे पैसे पुन्हा भरावे लागतात. ती खूण काढा. तिथेच खाली ‘रायटिंग स्टाइल’शेजारच्या ‘सेटिंग्ज’मध्ये कर्मणी प्रयोगासारख्या नको असलेल्या सूचना एकेक करून बंद करता येतात.

शुद्ध स्पेलिंगचा पण भलताच शब्द हा आणखी एक सापळा. ‘फ्रॉम’चा ‘फॉर्म’, ‘अँगल’चा ‘एंजल’, कॉमर्सच्या मुलांचा ‘ट्रायल बॅलन्स’चा ‘ट्रेल बॅलन्स’. हे सापडतात डोळ्यांपेक्षा कानाला. नव्या वर्डमध्ये ‘रिव्ह्यू’खाली ‘रीड अलाउड’ आहे. हेडफोन लावून पान ऐका; सुटलेला शब्द, भलता शब्द आणि दमछाक करणारं लांबलचक वाक्य लगेच जाणवतं.

क्रमही महत्त्वाचा. लिहिताना ग्रामरची रेघ बंद ठेवा (‘मार्क ग्रामर एरर्स ॲज यू टाइप’वरची खूण काढायची), कारण प्रत्येक ओळीला थांबून दुरुस्ती केली की विचाराची साखळी तुटते आणि वाक्यं आखूड, भित्री होत जातात. मसुदा झाल्यावर आधी स्वतःची मराठी वळणं शोधा: ‘हॅड’, ‘टिल’, ‘ओन्ली’, ‘दॅट आय’, आणि ‘मला दोन भाऊ आहेत’ छापाचं ‘ॲम हॅविंग’. त्यानंतर एफ ७ दाबून चेकर. आधी चेकर चालवला तर पान स्वच्छ दिसतं, आणि स्वच्छ पानात चुका शोधायला मन तयार होत नाही.

चॅटबॉटला ‘माझं ग्रामर सुधार’ म्हणणारे आता पुष्कळ आहेत. तो ‘हॅड’ काढेलही, पण सोबत न विचारता आकड्यांभोवतीचे शब्द, निष्कर्षाचा जोर, कधी कधी अर्थही हलवून जातो, आणि काय बदललं त्याखाली रेघ नसते. वापरायचाच तर एका वेळी एक परिच्छेद द्या, वाक्यरचना तशीच ठेवायला सांगा आणि प्रत्येक बदल कारणासह यादीत मागा. मग मूळ आणि नवा मजकूर वर्डच्या ‘कम्पेअर’मध्ये शेजारी लावून पाहा.

‘लॅपटॉपवर बरोबर येतं, पेपरात येत नाही’ ही तक्रार मला सगळ्यात गंभीर वाटते. लेखी परीक्षेला पेन आणि कोरी उत्तरपत्रिका असते, तिथे रेघ ओढायला कोणी नाही. चेकरने वर्षभर एकच चूक चाळीस वेळा दुरुस्त केली तरी ती हातात उतरत नाही, कारण क्लिक करताना ती पाहिलीच जात नाही. यासाठी दोनशे पानी वही पुरते. दर सबमिशनला जास्तीत जास्त दहा चुका लिहायच्या, तीन ओळींत: मी काय लिहिलं, काय झालं, का. ‘का’ची ओळ मराठीत लिहा. ‘पर्यंत म्हणजे मुदत, म्हणून बाय’ एवढं पुरे. कारण सापडलं नाही तर ती जागा कोरी ठेवून इंग्रजीच्या बाईंना किंवा सरांना तेवढंच विचारा. ‘माझं इंग्रजी तपासा’ म्हटलं तर कोणालाच वेळ नसतो, ‘इथे टिल का नको?’ याला दोन मिनिटं सगळे देतात. तीन-चार सबमिशननंतर वही चाळली की दिसतं, चुका पन्नास प्रकारच्या नसून सहा-सातच आहेत.

एक भीती अलीकडे नवीन आली आहे: ‘चेकर वापरला म्हणून एआयने लिहिलंय असं तर ठरणार नाही ना?’ भीती निराधार नाही. २०२३ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात एआय ओळखणारी सात साधनं तपासली, त्यात इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध होते. सरासरी ६१ टक्के वेळा त्यांवर एआयचा शिक्का बसला. साधे, अपेक्षित शब्द वापरले की या साधनांना ते यंत्राचं वाटतं, आणि शिकणारा माणूस साधे शब्दच वापरतो. त्यामुळे स्वतःच्या लिखाणाचा माग ठेवा. गूगल डॉक्समध्ये लिहिलंत तर ‘फाइल’मधल्या ‘व्हर्जन हिस्टरी’त तारीख-वेळेसह मसुदे राहतात. वर्डमध्ये काम करत असाल तर रोजची फाइल तारखेच्या नावाने वेगळी साठवा, आणि चेकर चालवण्याआधीची एक प्रत कधीही पुसू नका.

कंपनीचे आकडे, रुग्णांच्या मुलाखती किंवा अप्रसिद्ध पेपर असेल तर ऑनलाइन खिडकीत चिकटवू नका. तो मजकूर त्यांच्या सर्व्हरवर जातो. लँग्वेजटूल स्वतःच्या संगणकावर उतरवून इंटरनेटशिवाय चालवता येतं. ते उभं करायला ‘जावा’ नावाचं सॉफ्टवेअर लागतं आणि एखादी दुपार जाते. कॉलेजच्या लॅबमध्ये एका संगणकावर बसवून ठेवलं तर अख्ख्या बॅचला वापरता येईल.